तुटलेलं बटण
इतर समीक्षकांनी तो बोचरा सिनेमा डोक्यावर घेतला. तिनं मात्र टीव्हीवरच्या आपल्या कार्यक्रमात त्याची सालटी काढली. “नटीवर भाळलेला माणूस चोरून तिच्या घरात शिरतो आणि करतो काय, तर तिच्या कोटाचं तुटलेलं बटण लावतो. उपहास म्हणूनही हे पटत नाही. माझ्याही कोटाचं बटण तुटलंय. बघू कोण येतंय,” म्हणत ती हसली होती. आज दुपारी ती घरी आली, तर खुंटीवरच्या कोटाला बटण होतं, सिनेमातल्यासारखं लाल दोऱ्यानं शिवलेलं. “आई, हे तू लावलंस?” “मला सुईत दोरा तरी ओवता येतो का? तुझ्या ऑफिसातले गृहस्थ आलेत ना, त्यांनी लावलं. ‘आता तरी मॅडमना पटेल,’ म्हणाले.” “ऑफिसातून कुणी येणार नव्हतं, आई.” “हळू बोल, आत हात धुतायत. जेवूनच जा म्हटलंय.” आतला नळ बंद झाला.