धुतलेले पाय

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी अड्यारच्या चर्चमध्ये फादर गरिबांचे पाय धुणार होते. त्सुनामीला तीनच महिने झाले होते, म्हणून यंदा चेन्नईजवळच्या कोवलम गावच्या कोळ्यांना बोलावलं होतं. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरलाही.

म्हातारा अरुळप्पन होडीवरून थेट आला. पायांना वाळू आणि मासळीचे खवले चिकटलेले. नगरहून नोकरीसाठी चेन्नईला आलेली हेमलता तयारीला मदत करत होती. फादरनी तिला बाजूला घेतलं.

"याला आधी साबणाने पाय धुऊन यायला सांग. मला हात लावायचाय त्यांना."

तिने खाली मान घालून निरोप सांगितला. अरुळप्पनने पाय खसखसून धुतले.

मग फादरनी गुडघे टेकून त्या स्वच्छ पायांवर पाणी ओतलं, ओठ टेकवले आणि फोटो निघेपर्यंत तसेच राहिले. प्रवचनात म्हणाले, "प्रभूने शिष्यांच्या पायांची घाण स्वतःच्या हातांनी धुतली. आपल्यालाही कुणाची किळस वाटता कामा नये."

मिस्साची प्रार्थना संपल्यावर हेमलता वेदीमागच्या खोलीत गेली, तर फादर डेटॉलने कोपरापर्यंत हात घासत होते. "या लोकांचा वास जातच नाही," ते वैतागून म्हणाले.

ती तशीच बाहेर पडली. पायरीवर अरुळप्पन तिचीच वाट पाहत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

 

"अक्का, माझ्यासाठी फादर एवढं खाली वाकले. गुडघे दुखत असतील त्यांचे. थोडं तेल लावून देऊ का?"