पुलावरून डावीकडे

“पुलावरून डावीकडे,” हेंक म्हणाला. निवेदितानं टॅबलेटवरच्या नकाशातला बाण डावीकडे दाबला.

हॉर्नबीच्या वृद्धाश्रमात दुपारचा चहा नुकताच फिरून गेला होता. आपण तो घेतला की नाही, हे हेंकला आठवत नव्हतं. पण आपलं गाव डेल्फ्ट सोडून सत्तर वर्षं झाली तरी तिथलं एकही वळण तो चुकत नव्हता. डॉक्टरांनी तिकडच्या विमानप्रवासाला नाही म्हटल्यापासून तो धड जेवला नव्हता. म्हणून आज शिफ्ट संपल्यावर निवेदिता त्याच्यापाशी थांबली होती.

पडद्यावर कालवा सरकत होता. हिरवं संथ पाणी, कठड्याला टेकवलेल्या सायकली, काठानं उभी उंच, अरुंद घरं. मागे चर्चचा कललेला मनोरा.

“थांब. हेच!”

खाली आता आइस्क्रीमचं दुकान होतं, पर्यटकांची रांग होती. हेंकचं तिकडे लक्षच नव्हतं. तो वरच्या खिडकीकडे बघत होता.

“भाजीवाल्याची होडी आली की आई इथून दोरीनं टोपली सोडायची. मी खाली बटाटे भरायचो.” त्यानं खिडकीवर बोट ठेवलं. “मी इकडे यायला निघालो, त्या दिवशी मात्र खिडकीत आली नाही.”

“रडताना दिसू नये म्हणून?”

“असेल. विचारायचं राहून गेलं.”

त्यानं डोळे पुसले. “आता तुझं घर दाखव.”

निवेदिता कचरली. मिरजेला जाऊन तिला सात वर्षं झाली होती. दर वर्षी काहीतरी निघायचंच. कधी व्हिसा, कधी मुलाची परीक्षा. अलीकडे आईनं फोनवर ‘कधी येतेस’ विचारणंसुद्धा सोडलं होतं.

तिनं पत्ता टाकला. रस्ता उघडला. पिठाची गिरणी आली, सतारी बनवणाऱ्यांचं दुकान आलं, आणि कोपऱ्यावर बाण संपला.

“पुढे?” हेंकनं विचारलं.

“पुढे बोळ आहे. फोटो काढणारी गाडी आत जात नाही. चौथं घर आमचं.”

हेंकनं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“गाडी जात नाही, ठीक आहे,” तो म्हणाला. “पण तुला चालता येतं ना?”