टाकीला नाक नसतं

"उजेड दिसतोय इथं," होडीच्या पोटातून जयमालाचा आवाज आला.

योगेश बाहेर फडकं घेऊन उभा होता. त्याला बायकोचे फक्त पाय दिसत होते. पोरीसाठी केलेली कयाक पोत्यांवर कुशीला टेकवली होती. शेंगेसारखी दोन्हीकडे निमुळती, वरून बंद, मधे माणूस बसेल एवढंच भोक. केडगावच्या या शेडमध्ये नवराबायकोनं वीस वर्षं फायबरच्या टाक्या केल्या. टाकीत उतरायचं काम बारीक अंगाच्या जयमालाचं, बाहेरून तपासायचं योगेशचं. होडीलाही तोच नियम लागला.

"कुठं दिसतोय?"

"नाकाजवळ. डावीकडं."

"तुझ्या का माझ्या?"

"मी आडवी पडलीय, मला काय डावं अन् काय उजवं! वरच्या अंगाला बघा."

होडीचं खालचं पोट आणि वरचं झाकण त्यानं परवाच जोडलं होतं. सांध्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरच्या कापडाचे दोन थर, त्यावर निळा रंग. त्यानं बोट फिरवलं. कुठं अडकलं नाही.

"काय न्हाई. रंग पातळ बसला आसल. त्यातनं दिसत आसल."

"पातळ रंगातनं निळा दिसला आस्ता. ह्यो पांढरा हाय."

योगेश चक्रावला. सकाळीच त्यानं होडी काठोकाठ भरून ठेवली होती, प्रत्येक टाकी भरतो तशी. खालून सगळीकडे कोरडा पेपर फिरवला होता. एक थेंब नाही. जिथून पाणी बाहेर येत नाही तिथून उजेड आत कसा जाईल? माणसाला आपल्या अनुभवाचा भारी तोरा असतो, आणि तो डळमळला की राग यायचा तो घरच्यांचाच येतो. त्यालाही आला.

पण रागापेक्षा भीती मोठी होती. उद्या सकाळी मुळा धरणावर पोरीची, प्रज्ञाची, कयाक शर्यतीसाठी निवड चाचणी. सांधा पुन्हा कापला तर वाळायला दोन दिवस, म्हणजे चाचणी हुकली. तीन महिने पोर दुसरं काही बोलली नव्हती. आणि न कापावा, अन् सांधा खरंच उघडा निघाला, तर भर धरणात पोर बुडत्या होडीत. त्याला काहीच सुचेना.

जयमाला सरपटत बाहेर आली. हातभर फायबरची कुसं चिकटली होती, ती खाजवत म्हणाली, "सकाळी पानी भरलं तवा नाक वर हुतं. आतली हवा तिथंच कोंडली. पानी पोचलंच न्हाई तिथवर."

"टाकीत कधी कोंडली का हवा?"

"टाकीला नाक आस्तं का?"

ती म्हणते ते अर्धं पटत होतं, अर्धं डोक्यावरून जात होतं.

"सरक. मीच बघतो."

त्यानं भोकात डोकं घातलं, खांदे घातले. पोट अडकलं. जयमालानं मागून ढकललं तेव्हा कुठं तो आत गेला. आत रेझिनच्या वासानं डोळे चुरचुरत होते. पुढं, नाकाजवळ, बोटभर लांबीची उजेडाची रेघ होती. पांढरी. का निळसर? जितकं बघावं तितकं कळेनासं झालं. आपण वीस वर्षं बाहेरून काय तपासत होतो, असा एक भलताच विचार त्याच्या मनात आला.

"वरनं पानी वत," तो ओरडला.

जयमालानं सांध्यावर तांब्या ओतला. काही झालं नाही. योगेशनं मोठा श्वास सोडला. कोरडंच होतं की! त्याला हसूच आलं. तेवढ्यात पुढं केलेल्या बोटांवर गार थेंब पडला. मग दुसरा. मग ते मोजता येईनात.

शेडच्या दारात टेम्पो थांबला. प्रज्ञा पळतच आत आली.

"आई, पप्पा कुठंयत? टेम्पोवाले काका विचारतायत, सकाळी किती वाजता निघायचं?"

जयमाला रिकामा तांब्या धरून उभी होती. होडीतून बाहेर आलेल्या दोन पायांकडे तिनं नुसतं बघितलं. प्रज्ञानंही बघितलं.

"पप्पा? किती वाजता?"

बाहेरचे पाय हळूच आत सरकले.

"आईला विचार," होडी म्हणाली.