बाहेरची हवा

घणसोलीच्या बाजारात मासळी विकून पुतळाबाई लेकाच्या नव्या गाडीत पहिल्यांदाच बसल्या. धनेश सीवूड्सला राहायला गेल्यावर दोन महिन्यांनी भेटत होता. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी एसीजवळच्या, वळलेल्या बाणाच्या बटनाकडे बोट दाखवलं.

"यो बटन कसला हाय रं?"

"हे दाबलं की बाहेरची हवा बंद. आतलीच गार होऊन फिरत राहते. बाहेर घाण वास असला की दाबायचं."

पावणे गावाजवळ कारखान्यांचा उग्र वास आत शिरला. पुतळाबाईंचे डोळे चुरचुरले. त्यांनी हौसेने बटन दाबलं. बारीक दिवा लागला, वास कमी होऊ लागला.

धनेशने बटन पुन्हा दाबून दिवा बंद केला.

"अरं, बाहेर केवढा वास हाय."

"राहू दे, आई. बाहेरचीच हवा बरी," तो समोर बघत म्हणाला.

पुतळाबाईंनी मासळीचे हात पदराखाली घेतले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मना हितंच उतरव. फुडं बसनी जाईन."

धनेशने गाडी कडेला घेतली.