घंटागाडी आल्यापासून

"आजही साल नाही!" अंगणात वाकून पाहत वत्सलाबाई खातू पुटपुटल्या. भिंतीलगतची जमीन लख्ख होती.

इतकी वर्षं शेजारची कुंदा पेडणेकर रोज सकाळी फणसाची, केळ्याची सालं भिंतीवरून इकडे टाकायची आणि वत्सलाबाई पदर खोचून तिचा उद्धार करायच्या. तीही तोडीस तोड उत्तर द्यायची. त्याशिवाय दोघींनाही चहा गोड लागत नसे. पण नगरपालिकेची घंटागाडी दारात यायला लागली, ओल्या-सुक्याचे दोन डबे घरोघर आले आणि कुंदाचा कचरा सरळ गाडीत जाऊ लागला. आळी शांत झाली. एकट्या वत्सलाबाईंना घर खायला उठलं.

शेवटी त्यांनीच केळ्याचं साल भिंतीपलीकडे भिरकावलं. पलीकडून हूं की चूं नाही. त्या टाचा उंचावून भिंतीपलीकडे डोकावू लागल्या.

तेवढ्यात फाटक करकरलं. साल हातात नाचवत कुंदा दारात उभी!

"लाज नाही वाटत?" ती कडाडली. "इतके दिवस गप्प बसलात! मला वाटलं, अंथरुणाला खिळलात की काय!"

"झडो तुझी जीभ!" वत्सलाबाईंचा चेहरा खुलला. "आत ये, मग सांगते."

त्या दिवशी भांडण जेवणापर्यंत चाललं. चहा दोनदा झाला.