दोराचं टोक

परदेशात गोदामातलं काम म्हणून गेलेल्या दोघा चुलतभावांच्या हाती तिथं बंदुका दिल्या गेल्या. आठ महिन्यांनी तेर गावी एकटा लिंबराज परतला आणि अंगदच्या आईपुढं, धुरपदाबाईपुढं, मान खाली घालून बसला.

“काकू, शहराच्या मधून नदी. पूल पडलेला. पलीकडचा काठ घ्यायचा हुकूम झाला. आपण तेरणेच्या पुरात करतो तसं आमी एकच दोर दोघांच्या कमरेला बांधला. अंगद म्होरं, मी मागं. मधी गेल्यावर गोळ्या सुटल्या. त्याला लागली, पाणी ओढाया लागलं. म्या लई जोर लावून धरलं, पर दोर तुटला वो.”

त्यानं पिशवीतून दोराचा तुकडा काढून तिच्या हातात दिला. “माझ्या कमरेला एवढाच राहिला.”

धुरपदाबाईचा जन्म दोर वळण्यात गेला होता. तिनं टोकावरून अंगठा फिरवला. तुटलेल्या दोराचे पदर कधी एका मापाचे राहत नाहीत. हे सगळे एका रेषेत संपले होते.

तिनं तुकडा गुंडाळला आणि परत त्याच्या पिशवीत ठेवला.

“तुझ्यापाशीच असू दे, लिंबा. चाकूसंगं.”