चपलांची राखण

जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या भल्यामोठ्या कॅथेड्रलच्या पायरीशी येताच अच्युतराव वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"बाबा, इथे बूट घालूनच आत जातात," मुग्धा हसत म्हणाली.

ते ओशाळले. नाड्या पुन्हा बांधताना त्यांची नजर शेजारच्या रोमन भिंतीकडे गेली. तिचे उरलेसुरले दगड ऊन खात पडले होते. नलिनी असती, तर पदराने धूळ झटकून तिथेच बसली असती, दोघांच्या चपला पुढ्यात घेऊन. लग्नाच्या वर्षी नरसोबाच्या वाडीला नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपला चोरीला गेल्या, तेव्हापासून तिने नेमच करून टाकला होता. एकाने आत जायचं, दुसऱ्याने चपला सांभाळायच्या. "तुम्ही या आधी जाऊन," ती म्हणायची. ते बाहेर आले, की मग ती जायची. त्यानंतर जोडीने देवदर्शन असं कधी घडलंच नाही.

आत रंगीत काचांमधून उजेड झिरपत होता. अच्युतरावांनी हात जोडले, पण नेहमीच्याच घाईने. बाहेर कुणीतरी आपल्यासाठी उन्हात ताटकळतंय, ही जाणीव अजून सुटली नव्हती.

मुग्धा मेणबत्ती लावत होती. ते एकटेच बाहेर आले. डॅन्यूबवरून गार वारा येत होता. ते भिंतीच्या दगडावर टेकले, बूट काढून पुढ्यात ठेवले आणि शेजारच्या मोकळ्या जागेला हळूच म्हणाले,

"जा आता तू. मी बसतो."